भांडण कोणाचे?

खैरलांजीचा विषय निघाला की आजही एक वाक्य हमखास कानावर येते : 'मुळात ते जमिनीच्या वादातून झालेले गावातले भांडण होते.' असे म्हणणारा माणूस दुष्ट असतो असे नव्हे. बहुधा तो झाल्या प्रकाराचा निषेध करून मगच हे वाक्य उच्चारतो. पण भाषा आणि साहित्य शिकवणाऱ्यांनी या वाक्यातल्या 'भांडण' या शब्दापाशी थोडे थांबायला हवे, असे मला वाटते. त्या घटनेचे आपले आकलन जिथे अडले आहे, ती जागा नेमकी हा शब्द आहे.

घटनाक्रम थोडक्यात असा. भंडारा जिल्ह्यातील मोहाडी तालुक्यात खैरलांजी हे गाव आहे. तेथे भोतमांगे या बौद्ध कुटुंबाची थोडी शेती होती. शेतातून वाट काढण्यावरून गावातील काही जणांशी त्यांचा जुना वाद होता. शेजारच्या गावचे पोलीस पाटील या कुटुंबाची बाजू घेत. ३ सप्टेंबर २००६ रोजी त्यांना मारहाण झाली. मारणारे कोण होते हे सुरेखा भोतमांगे आणि त्यांची मुलगी प्रियंका यांनी पोलिसांना सांगितले. २९ सप्टेंबरला आरोपी जामिनावर सुटले आणि त्याच संध्याकाळी जमाव भोतमांगे यांच्या घरावर चालून गेला. सुरेखा, प्रियंका आणि सुधीर व रोशन हे दोन मुलगे असे चौघे जण मारले गेले. भैयालाल भोतमांगे तेवढे वाचले. पुढे केंद्रीय अन्वेषण विभागाने तपास केला. १५ सप्टेंबर २००८ रोजी भंडाऱ्याच्या न्यायालयाने अकरा आरोपींपैकी आठ जणांना दोषी ठरवले. नंतर सहा जणांना फाशीची आणि दोघांना जन्मठेपेची शिक्षा सुनावली. १४ जुलै २०१० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशी रद्द करून पंचवीस वर्षांच्या कारावासाची शिक्षा दिली.

शिक्षा कमी की जास्त, हा माझा विषय नाही. दोन्ही न्यायालयांनी अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील आरोप सिद्ध झाला नाही असे मानले. आपल्याला त्या मारहाणीच्या प्रकरणात गोवले गेले या रागातून आरोपींनी सूड उगवला, असा हत्याकांडाचा अर्थ लावला गेला. म्हणजे कारण 'सूड' ठरले आणि 'जात' कारणांच्या यादीतून बाहेर पडली.

न्यायालयाची अडचण समजून घ्यायला हवी. फौजदारी खटल्यात पुराव्यापलीकडे जाता येत नाही. न्यायाधीशाला कादंबरी लिहायची नसते, समोरच्या माणसाने नेमके काय केले हे ठरवायचे असते. शिवाय १९८९ च्या कायद्यातील संबंधित कलमाची भाषाही तशीच होती : पीडित व्यक्ती अनुसूचित जातीची आहे 'या कारणावरून' गुन्हा घडलेला असला पाहिजे. आरोपीच्या मनातले कारण कोण दाखवणार? त्याने जातिवाचक शब्द उच्चारल्याचा साक्षीदार आणा, नाहीतर जात नव्हतीच असे म्हणा. असा तो पेच होता.

पण न्यायालयाला असलेली ही मर्यादा वाचकाला नसते. 'का मारले?' या प्रश्नाचे उत्तर 'सूड म्हणून' असे मिळाले, तरी वाचकाने पुढचा प्रश्न विचारायचा असतो : मारण्याचे धाडस कशामुळे झाले? गावात साक्षी देणारे अनेक असतात आणि त्यांच्यावर राग धरणारेही असतात. ज्याच्या मागे भावकी आहे, चार घरांचे पाठबळ आहे, सोसायटीत आणि पंचायतीत वट आहे, अशा साक्षीदारावर हात टाकण्यापूर्वी माणूस उद्याचा विचार करतो. इथे तो विचार कुणाला करावा लागला नाही. दिवसाउजेडी ओळखीच्या माणसांचा जमाव ओळखीच्या घरावर चालून जातो, तेव्हा आपल्याला कोणी जाब विचारणार नाही, हे त्याने आधीच गृहीत धरलेले असते. जात त्या गृहीतात होती. रागाचे कारण ती असेल वा नसेल. त्या निर्भयतेचे कारण मात्र तीच होती.

म्हणून 'भांडण' हा शब्द येथे चुकीचा आहे. भांडण हा बरोबरीच्यांचा शब्द आहे. भाऊबंद भांडतात, शेजारी भांडतात, नवराबायकोसुद्धा भांडतात. दोघांनाही बोलता येते, दोघांनाही उलट उत्तर देता येते. एका बाजूला गाव आणि दुसऱ्या बाजूला एक घर असेल, तर त्याला भांडण म्हणणे म्हणजे त्या घराला नसलेली ताकद बहाल करणे होय. आणि ताकद बहाल केली की अर्धा दोषही आपोआप त्याच्याकडे जातो. 'टाळी एका हाताने वाजत नाही' ही आपली आवडती म्हण अशा वेळी हटकून पुढे येते.

या शब्दाची सवय आपल्याला साहित्यानेही लावली आहे. बांधावरची कुरबूर, चावडीवरची तक्रार, पंचांची फजिती यांवर आपली ग्रामीण विनोदी कथा पोसली. द. मा. मिरासदारांची भोकरवाडी, शंकर पाटलांची इरसाल माणसे यांनी गिरगाव-दादरच्या मध्यमवर्गीय वाचकाला मनमुराद हसवले. लालबाग-परळच्या चाळींत तर गाव म्हणजे मे महिन्याची सुट्टी, होळी आणि गणपती. या लेखकांना दोष देण्याचा प्रश्नच नाही. त्यांनी दाखवलेले गावही खरेच आहे. पण ते गावकुसाच्या आतले आहे. गावकुसाबाहेरून तेच गाव कसे दिसते हे दया पवारांच्या 'बलुतं'ने १९७८ मध्ये सांगितले. आपण दोन्ही पुस्तके वाचली, दोन्हींवर प्रश्नपत्रिका काढल्या. मात्र ती दोन्ही गावे एकच आहेत, हे वर्गात क्वचितच म्हटले.

हे सगळे दूरच्या गावात घडते, असे समजण्याची सोय मुंबईकराला नाही. १९७२ मध्ये याच शहरात दलित पँथर उभी राहिली, तिच्यामागे बावड्याच्या बहिष्काराचा आणि ब्राह्मणगावातल्या स्त्रियांच्या विटंबनेचा संताप होता. गावातला अन्याय येथे पोहोचला आणि त्याला येथे वाचा फुटली. पण येथे गावही होतेच. जानेवारी १९७४ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळींत दंगल उसळली. १० जानेवारीच्या मोर्चावर परळ भागात वरून दगड आले आणि भागवत जाधव हा तरुण कार्यकर्ता मरण पावला. त्या दंगलीलाही 'चाळीतली भांडणे' म्हणणारे निघालेच असतील. शब्द सोयीचा असला की तो एसटीने शहरात येतो.

कायद्याने आपली भाषा थोडी सुधारली आहे. २०१५ च्या दुरुस्तीने, जी २६ जानेवारी २०१६ पासून अमलात आली, संबंधित कलमातील 'या कारणावरून' हे शब्द काढून 'हे माहीत असताना' या अर्थाचे शब्द घातले. पीडिताला वा त्याच्या कुटुंबाला आरोपी व्यक्तिशः ओळखत असेल, तर जातही त्याला ठाऊक होती असे गृहीत धरण्याची तरतूद आली. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये पाटन जमाल वली खटल्यात जुन्या शब्दांचाही अर्थ स्पष्ट केला : जात हे गुन्ह्याच्या कारणांपैकी एक असले तरी पुरे, ते एकमेव कारण असण्याची गरज नाही. त्या खटल्यात पुराव्याअभावी हे कलम टिकले नाही, हेही खरे. पण एका शब्दप्रयोगाचा अर्थ बदलायला बत्तीस वर्षे गेली, ही गोष्ट शब्दांशी रोज व्यवहार करणाऱ्या आपल्यासारख्यांना अंतर्मुख करणारी वाटायला हवी.

भैयालाल भोतमांगे जानेवारी २०१७ मध्ये वारले. आपल्या कुटुंबाची हत्या जातीपायी झाली, असे ते अखेरपर्यंत सांगत राहिले. त्यांचे म्हणणे निकालपत्रात उतरले नाही. निकालपत्र हाही एक मजकूर आहे, आणि मजकुरात काय आले, काय गळले हे पाहणे हेच तर आपले काम आहे. ज्या मायलेकींनी कायद्यावर विश्वास ठेवून जबाब दिला, त्यांच्या त्या कृतीला आपण मराठीत काय म्हणणार? 'भांडण' म्हणू नये. 'साक्ष' हा साधा शब्द आपल्याकडे आहे.