कुळवापासून शववाहिनीपर्यंत



या सदरात आपण बी-बियाणे आणि खतांविषयी बोलतो. आजचा विषय वेगळा आहे, पण त्याची सुरुवात शेतातूनच होते.

शववाहिनीला इंग्रजीत 'हर्स' म्हणतात. हा शब्द जुन्या फ्रेंच भाषेतून आला. तिथे त्याचा अर्थ काय, तर ढेकळे फोडणारा दात्यांचा कुळव! मध्ययुगात युरोपातील चर्चमध्ये शवपेटीवर एक चौकट उभारीत. मेणबत्त्या खोवण्यासाठी तिला टोके असत. ती उलट्या कुळवासारखी दिसे, म्हणून तिलाही तेच नाव पडले. पुढे सतराव्या शतकात ते शवपेटी वाहणाऱ्या गाडीला लागले.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये या गाड्यांचा थाट वाढला. बाजूंना काचा, पुढे काळे घोडे आणि त्यांच्या डोक्यावर शहामृगाच्या पिसांचे तुरे. ऐपत नसलेली माणसेही लोकलाजेखातर खर्च करीत. दिवसकार्यासाठी सावकाराचे दार गाठणाऱ्यांना हे नवे वाटणार नाही.

१९०९ साली अमेरिकेतील सिनसिनाटीच्या क्रेन अँड ब्रीड कंपनीने मोटार शववाहिनी बाजारात आणली आणि हळूहळू घोडे सुटले. मात्र तिकडच्या पुष्कळ शववाहिन्यांच्या बाजूला इंग्रजी 'एस'सारखी एक पट्टी अजून दिसते. घोडागाडीचे छत दुमडण्याचा तो सांधा होता. काम संपले, खूण तेवढी राहिली.

आता खरी गोष्ट ऐका. अमेरिकेच्या लहान गावांत आडवा माणूस नेईल एवढी लांब गाडी अंत्यविधी करणाऱ्या व्यावसायिकाकडेच असे. म्हणून तीच गाडी रुग्णवाहिकाही होई. आज रुग्ण, उद्या शवपेटी! १९६६ साली तेथील राष्ट्रीय विज्ञान अकादमीने अहवालात दाखवून दिले, की देशातील सुमारे निम्मी रुग्णवाहिका सेवा हेच लोक पुरवितात. गाडीत पुरेशी साधने नसत, सोबतच्या माणसाला शिक्षण नसे. त्यानंतर नियम कडक झाले आणि १९७०च्या दशकात या दुहेरी गाड्या मागे पडल्या.

हे वाचताना मला आमची बैलगाडी आठवली. मी लहान असताना पेरणीच्या दिवसांत चुलत्यांना साप चावला. आधी मांत्रिकाकडे वेळ गेला, मग गाडी जुंपली. तालुक्याला पोचण्याआधीच काका गेले. ज्या गाडीतून त्यांना दवाखान्यात न्यायचे होते, त्याच गाडीतून परत आणले. काकूंनी पुढे त्या गाडीत कधी पाय ठेवला नाही.

आज आपल्या राज्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे. फोनला पैसे पडत नाहीत. हा आकडा गोठ्याच्या भिंतीवर खडूने ठळक लिहा आणि घरातल्या पोरांकडून पाठ करून घ्या. साप चावला, औषध फवारताना विषबाधा झाली, तर उतारा शोधत बसू नका. आधी फोन करा.

शेवटच्या प्रवासाला चार खांदे मिळतातच. धावपळ करायची ती त्याआधी.