मशीद बंदरातली 'मशीद' कोणाची?

मंडळी, आपल्या गावच्या एका ग्रुपवर दोन दिवस झाले एकच विषय चाललाय. उस्मानाबादचं धाराशिव झालं, आता मुंबईच्या मशीद स्टेशनचंही नाव बदला म्हणे. एकानं तर अर्जाचा मसुदाही टाकलाय. माझा याला विरोध आहे. का, ते सांगतो.

सीएसएमटी सोडलं की हे पहिलं स्टेशन. त्याचं नाव जवळच्या ज्यू प्रार्थनाघरावरून पडलं, असं मानतात. 'शार हारहमीम', म्हणजे दयेचं दार. 1796 साली मांडवीत उभं राहिलेलं हे मुंबईतलं ज्यूंचं पहिलं प्रार्थनाघर. बांधलं सॅम्युअल इझिकेल दिवेकरांनी, म्हणजे सामाजी हसाजी दिवेकर! कंपनीच्या पलटणीतले अधिकारी. टिपूच्या कैदेत असताना, सुटलो तर प्रार्थनाघर बांधीन असा नवस ते बोलले होते, अशी त्यांच्या समाजात कथा आहे.

ही माणसं मूळची कोकणातली, बेने इस्राएल. गावात तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. पोटापाण्यासाठी मुंबईला आले, कुणी पलटणीत गेलं, कुणी सुतारकामात. आडनावं बघा: पेणकर, रोहेकर, केहिमकर. आपली पोरं पुण्याला गेली तरी गाव सोबत नेतात, तसंच हे. दिवेकरांच्या आधी त्यांना मुंबईत स्वतःचं प्रार्थनाघरच नव्हतं.

मला सगळ्यात भारी वाटतो तो त्यांचा कारभार. जमातीचा प्रमुख मुकादम, आणि त्याच्या जोडीला चौगुले. पाटलाच्या हाताखालचा चौगुला आपल्याकडं कुणाला सांगायला नको. कोकणात त्यांचे धार्मिक विधी करणारा तो काजी. आणि प्रार्थनाघराला मराठीत शब्द मशीद. हे दिवेकरांचं ते 'जुनी मशीद'. हिब्रू येणारे शिक्षक नंतर कोचीनहून आले. म्हणजे धर्म ज्यू, भाषा मराठी, कारभार गावगाड्याचा. पुढं 1875 ला हाईम सॅम्युअल केहिमकरांनी समाजाच्या मुलांसाठी मुंबईत शाळा काढली.

आता विचारा, ही माणसं बाहेरची कशी? इस्राएल झाल्यावर बरेच तिकडं गेले. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात ज्यू अडीच हजारांच्या आत होते. राज्यानं त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला तो 2016 ला. दोनशे वीस वर्षांनी! एवढ्या थोड्या लोकांसाठी मोर्चा कोण काढणार? त्यांची जी खूण स्टेशनच्या पाटीवर उरलीय, ती पुसली तर कुणाच्या लक्षातही यायचं नाही.

सँडहर्स्ट रोडचं डोंगरी करा असा ठराव 2024 ला झाला, तो साहेबाच्या नावाचा विषय होता. त्यावर मी भांडणार नाही. हे नाव मात्र आपल्याच मराठी माणसांनी मागं ठेवलंय. अर्जावर माझी सही मागू नका.