विश्लेषण : २१ हंगामांचा प्रशिक्षक तीन सामन्यांत का गेला?

अमेरिकेतील ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठाने २३ सप्टेंबर २०२५ रोजी आपल्या फुटबॉल संघाचे मुख्य प्रशिक्षक माइक गंडी यांना हटवले. हंगामाचे अवघे तीन सामने झाले होते. २००५ पासून संघाची धुरा सांभाळणाऱ्या आणि १७० विजय मिळवून देणाऱ्या गंडी यांच्यावर ही वेळ का आली? अमेरिकी महाविद्यालयीन फुटबॉलमधील कोणता बदल यामागे आहे?

नेमके काय घडले?

येथे फुटबॉल म्हणजे हातात चेंडू घेऊन धावण्याचा, हेल्मेट घालून खेळला जाणारा अमेरिकी फुटबॉल. ओक्लाहोमा स्टेटने पहिला सामना २७-७ असा जिंकला. दुसऱ्या सामन्यात ऑरेगॉनने त्यांचा ६९-३ असा धुव्वा उडवला. १९ सप्टेंबरला शेजारच्या टल्सा विद्यापीठाने त्यांना घरच्या मैदानावर १९-१२ असे हरवले. या मैदानावर टल्साचा १९५१ नंतरचा हा पहिलाच विजय. वर्षभरापूर्वी याच टल्साला गंडी यांच्या संघाने ४५-१० असे लोळवले होते. चार दिवसांत गंडी यांना निरोप मिळाला. करार मुदतीआधी मोडल्याबद्दल विद्यापीठाला सुमारे दीड कोटी डॉलर मोजावे लागणार होते, तरीही हा निर्णय झाला.

गंडी यांचे महत्त्व काय?

गंडी याच विद्यापीठाचे माजी क्वार्टरबॅक. १९८० च्या दशकात बॅरी सँडर्ससारखा दिग्गज त्यांचा सहकारी होता. प्रशिक्षक म्हणून २००६ ते २०२३ असे सलग १८ हंगाम त्यांनी संघाला पराभवांपेक्षा जास्त विजय मिळवून दिले. २०११ मध्ये संघाने १३ पैकी १२ सामने जिंकले. २०२१ मध्ये बिग १२ गटाचे विजेतेपद काही इंचांनी हुकले. शेवटच्या क्षणी धावपटू गोलरेषेच्या अगदी अलीकडे रोखला गेला.

बड्या विद्यापीठांनी फारशी दखल न घेतलेली मुले आणायची, तीन-चार वर्षे त्यांना घडवायचे आणि ती तयार झाली की मोठ्या संघांना हरवायचे, ही गंडी यांची पद्धत होती. त्यासाठी खेळाडू टिकणे आणि प्रशिक्षक टिकणे, दोन्ही आवश्यक होते.

मग बदलले काय?

२०२१ पर्यंत महाविद्यालयीन खेळाडूला शिष्यवृत्तीपलीकडे फारसे काही घेता येत नसे. त्या वर्षी जुलैपासून स्वतःचे नाव आणि प्रसिद्धी यांतून कमाई करण्याची मुभा मिळाली. त्याच वर्षी विद्यापीठ बदलताना एक वर्ष बाहेर बसण्याची अटही एका बदलीपुरती सैल झाली. २०२४ मध्ये वारंवार बदलीचाही मार्ग मोकळा झाला. जुलै २०२५ पासून विद्यापीठे खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली. त्यासाठी पहिल्या वर्षाची मर्यादा प्रत्येक विद्यापीठाला सर्व खेळ मिळून सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर इतकी आहे. जाहिराती आणि पुरस्कर्त्यांकडून मिळणारी रक्कम याव्यतिरिक्त.

परिणामी, एखाद्या संघाने दोन वर्षे घडवलेला खेळाडू तिसऱ्या वर्षी दुसरा संघ उचलून नेऊ शकतो. संयम हे गंडी यांचे भांडवल होते. नव्या बाजारात त्याचेच मोल घसरले. ऑरेगॉनशी खेळण्याआधी त्यांनी ही खंत उघड बोलून दाखवली. आपण तीन वर्षांत सुमारे ७० लाख डॉलर खर्च केले, तर ऑरेगॉनने एकाच वर्षात जवळपास ४ कोटी, असा त्यांचा दावा होता. त्यानंतर ६९-३ असा निकाल लागला.

दोष फक्त पैशाचा?

तसे म्हणणे अर्धसत्य ठरेल. २०२३ मध्ये संघाने १० सामने जिंकून गटाची अंतिम लढत गाठली होती आणि त्या संघातील बरेच खेळाडू २०२४ मध्येही कायम होते. तरीही पहिले तीन सामने जिंकल्यावर संघ सलग नऊ हरला. अखेरच्या सामन्यात तर कोलोरॅडोने ५२-० असे हरवले. त्यानंतर गंडी यांनी १० लाख डॉलरची वेतनकपात मान्य केली, आक्रमण आणि बचावाचे प्रमुख साहाय्यक बदलले, मोठ्या संख्येने नवे खेळाडू आणले. बदल झाला, पण उशिरा आणि एकदम.

शिवाय पैशाची तक्रार या विद्यापीठाने करणे काहीसे विचित्रच. गंडी यांच्या कारकीर्दीच्या सुरुवातीला तेलउद्योजक टी. बून पिकन्स यांनी क्रीडा विभागाला तब्बल १६.५ कोटी डॉलरची देणगी दिली होती. त्यातून उभ्या राहिलेल्या सुविधांचा लाभ गंडी यांच्या संघाला वर्षानुवर्षे मिळाला. तेव्हा पैसा इमारतींत जात होता, आता तो खेळाडूंच्या खिशात जातो. पिकन्स यांचे २०१९ मध्ये निधन झाले.

दीर्घ कारकीर्दीचे दिवस संपले का?

सरसकट नाही. त्याच सप्टेंबरमध्ये आयोवाचे कर्क फेरेन्ट्झ २०६ वा विजय मिळवून बिग टेन गटाच्या इतिहासातील सर्वाधिक यशस्वी प्रशिक्षक ठरले. ते १९९९ पासून पदावर आहेत. मात्र बिग टेनचे दूरचित्रवाणी करार बिग १२ पेक्षा कितीतरी मोठे आहेत. टेक्सास आणि ओक्लाहोमा हे दोन बडे संघ २०२४ मध्ये बिग १२ सोडून गेले. त्यामुळे ओक्लाहोमाविरुद्धची शतकभराची पारंपरिक लढतही थांबली.

पुढे काय?

प्रशिक्षक बदलून हंगाम सावरला नाही. डग मीचम यांच्याकडे हंगामी जबाबदारी आली, पण उरलेला प्रत्येक सामना संघ हरला. १२ सामन्यांत विजय एकच. आता सूत्रे नॉर्थ टेक्सासचे एरिक मॉरिस यांच्याकडे आहेत. त्यांनी खेळाडू घडवले, तरी ते टिकवण्यासाठी विद्यापीठाला दरवर्षी पैसा उभा करावा लागेल. तो उभा राहिला नाही, तर गंडी यांची अडचण मॉरिस यांच्याही वाट्याला येईल.