लॉगिन कोणाला, घाम कोणाचा?

कागल पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका कारखान्यात गेल्या वर्षी ईआरपी आली. कच्चा माल, उत्पादन, रिजेक्शन, डिस्पॅच, सगळा हिशेब एकाच संगणक प्रणालीत. पहिल्या दिवशी सर्व्हरला हार घातला, नारळ फोडला.

आमच्या अभ्यासिकेत येणारा एक तरुण तिथे ठेकेदाराकडे कामाला आहे. साचे फोडून कास्टिंग बाहेर काढायचे, हे त्याचे काम. कोणता नग वाया गेला, हे सगळ्यात आधी त्यालाच दिसते. पण ईआरपीत त्याला लॉगिन नाही, कारण तो 'कंपनीचा' नाही. तो आकडे कागदावर लिहून देतो, सुपरवायझर शिफ्ट सुटताना घाईघाईत भरतो. स्क्रीन इंग्रजीत. प्रशिक्षण फक्त ऑफिसवाल्यांना. चार महिन्यांत संगणकातला साठा आणि गोदामातला साठा जुळेनासा झाला. मग मीटिंगमध्ये निष्कर्ष निघाला, "कामगारांची बदलायची मानसिकताच नाही."

माझा आक्षेप या वाक्याला आहे. हाच मुलगा वस्तीतल्या पोरांचे शिष्यवृत्तीचे ऑनलाइन अर्ज भरून देतो. त्याला तंत्रज्ञानाची भीती नाही. त्याला कोणी विचारलेच नाही. न विचारणाऱ्यांची चूक झाकायला 'बदलाला विरोध' हा शब्द फार सोयीचा आहे.

हे नवे नाही. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून विटाळाचे कारण पुढे केले जाई. आणि पगार त्याच खात्यात चांगला! 1928 च्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला. मागाला जात कळत नव्हती. मागापुढे कोणी उभे राहायचे, हे ठरवणाऱ्यांना ती कळत होती.

कोणी म्हणेल, ठेक्यावर तर सगळ्याच जातींची पोरे आहेत, यात जात कुठून आली? खरे आहे, सगळ्यांचीच आहेत. म्हणूनच ही मागणी सगळ्यांची आहे. पण सकाळी गेटवर उभे राहून पाहा, सगळ्यात धुळीचे काम कोणत्या वस्तीकडे जाते आणि संगणकासमोरची खुर्ची कोणाकडे.

कामगारकपात होऊ शकेल असा यंत्र-तंत्रातला बदल करायचा, तर 21 दिवस आधी नोटीस द्यावी, अशी तरतूद औद्योगिक विवाद कायदा, 1947 च्या कलम 9अ मध्ये होती. औद्योगिक संबंध संहिता, 2020 च्या कलम 40 मध्येही ती आहे. पण ज्याचे नाव ठेकेदाराच्या हजेरीपटावर आहे, त्याच्या हातात ही नोटीस कोण देणार?

म्हणून आपल्या मागण्या साध्या असाव्यात. स्क्रीन मराठीत हवी. प्रशिक्षण ड्युटीच्या वेळेत, पगारी आणि ठेका कामगारांसह हवे. प्रकल्प समितीत प्रत्यक्ष काम करणारा एक तरी माणूस हवा. नवी प्रणाली बसेपर्यंत जुनी वही बंद करू नये. यात कारखान्याचाही फायदाच आहे. चुकीचा आकडा भरला, तर कोट्यवधींची प्रणालीही चुकीचाच हिशेब सांगणार.

या एमआयडीसीच्या नावात कागलसोबत हातकणंगले आहे. त्याच हातकणंगले तालुक्यातल्या माणगावात मार्च 1920 मध्ये शाहू महाराज आणि बाबासाहेब एका व्यासपीठावर आले होते. त्या मातीतल्या पोरांनी फक्त डेटा एंट्रीचा कोर्स करून थांबू नये. प्रणाली कोणी ठरवली, कोणाला विचारून ठरवली, हा प्रश्न मीटिंगमध्ये उभे राहून विचारायला शिकावे.

जय भीम!