'आक्रीत' का गाळता?

विजय तेंडुलकरांच्या पटकथांचा विषय निघाला की लोक १९८० चा 'आक्रोश' सांगतात, १९८३ चा 'अर्धसत्य' सांगतात. मधला १९८१ चा 'आक्रीत' खुशाल गाळतात. तोही मराठी असून! अमोल पालेकरांनी दिग्दर्शित केलेला हा पहिला चित्रपट. त्याला असं गाळणं मला अजिबात मान्य नाही.

परभणी जिल्ह्यातल्या मानवतमध्ये १९७२ ते १९७४ या काळात बायकांचे आणि लहान मुलींचे खून पडले. गुप्तधन आणि नरबळीचं ते प्रकरण या चित्रपटामागे आहे. त्याच प्रकरणावर २०२४ मध्ये 'मानवत मर्डर्स' ही वेबमालिका आली. ती तपासाची गोष्ट. रमाकांत कुलकर्णी हे पोलीस अधिकारी धागे कसे जुळवतात ते बघायचं. आरोपी सापडले की आपण सुटलो.

'आक्रीत' आपल्याला असं सोडत नाही. त्याला खुन्याचा शोध लावण्यापेक्षा माणूस खुनापर्यंत कसा पोचतो यात रस आहे. मुकुटराव झालेत स्वतः पालेकर. 'रजनीगंधा' आणि 'गोलमाल'मधला तो शेजारचा वाटणारा चेहरा इथे बघवत नाही. चित्रा पालेकरांची रुही तर त्याहून अस्वस्थ करते. तिला मूल हवंय, आपला माणूस हातचा जाऊ द्यायचा नाहीये. यातलं काय जगावेगळं आहे, सांगा बरं?

कुणी म्हणेल, खुन्याला माणूस म्हणून दाखवणं म्हणजे त्याची कड घेणं. साफ चूक! त्याला राक्षस ठरवलं की सगळ्यांचीच सोय होते. राक्षस दुसऱ्याच्या गावात राहतात ना!

हे फक्त तिकडच्या मागासलेल्या गावांत घडतं, असं समजणाऱ्यांनी एकदा आमच्या मोहोपाड्यात यावं. शेजारी रसायनीचे कारखाने, गावात शिकलेली माणसं, आणि गाड्यांना टांगलेल्या लिंबू-मिरच्या. लिंबू-मिरचीपासून नरबळीपर्यंतचं अंतर फार मोठं आहे, कबूल. पण वाटेवर भेटणारी हाव आणि भीती तीच. २०१३ मध्ये महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला, तो हवाच होता. पण कायदा कृत्याला पकडतो. मनातली हाव पकडायला तेंडुलकरांसारखा लेखकच लागतो.

म्हणून म्हणतो, मालिका पाहिली असेल तर अर्धंच पाहिलंय. पोलिसांची बाजू झाली. आता 'आक्रीत' मिळवा आणि बघा. झोप उडाली तर मला दोष देऊ नका.