धर्मग्रामाचे सभासद की गिऱ्हाईक?

"देव काय घरी भेटत नाही? मग दर रविवारी चर्चच्या पायऱ्या कशाला झिजवायच्या?" हा प्रश्न हल्ली वसईतल्या ख्रिस्ती घरांतून वारंवार कानी येतो. विचारणारी मुले शिकलेली आहेत. सहा दिवस विरार लोकलमध्ये चेंगरून सातव्या दिवशी त्यांना झोप हवी असते. त्यांच्यावर डोळे वटारण्यापूर्वी आपण वडीलधाऱ्यांनीच एक कबुली द्यावी, हे बरे. चर्चला दुकान आपणच केले. मूल झाले की स्नानसंस्काराची नोंद, लग्न ठरले की दाखला, म्हातारा गेला की दफनभूमीत जागा. काम झाले, वर्गणी चुकती केली, चालू लागलो! मग पुढच्या पिढीच्या गिऱ्हाइकाला त्या दुकानाची गरज भासेनाशी झाली, तर दोष कोणाचा?

आमच्याकडे पॅरिशला 'धर्मग्राम' म्हणतात. ज्याने हा शब्द घडविला त्याला हेतू नेमका कळला होता. ग्राम म्हटले की शेजारी आले, आणि शेजारी कोणी निवडून घेत नाही. घरच्या प्रार्थनेत मी माझे दुःख सांगतो. धर्मग्रामात मला दुसऱ्याचेही ऐकावे लागते.

असे ऐकणारे येथे होऊन गेले आहेत. 1918 साली मोन्सिनियर पी. जे. मोनीस या धर्मगुरूंच्या पुढाकाराने वसईत सहकारी पतपेढी निघाली. तीच आजची बॅसीन कॅथॉलिक बँक. पुढे 1980च्या दशकाअखेरीस बिल्डर आणि टँकर यांच्या तावडीत वसईच्या वाड्या व विहिरी सापडल्या, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो 'हरित वसई'चा झेंडा घेऊन रस्त्यावर उतरले. त्या लढ्यात हिंदू शेजारीही खांद्याला खांदा लावून होते. विहीर आटताना कोणाचा धर्म विचारीत नाही.

कोणी म्हणेल, हे तर समाजकार्य झाले. त्याला चर्च कशाला? उत्तर सोपे आहे. समाजकार्याला समविचारी माणसे जमतात आणि बिनसले की पांगतात. चर्चमध्ये मात्र बांधावरून भांडलेला भाऊही ख्रिस्तप्रसादासाठी माझ्याच रांगेत उभा असतो. वेदीपाशी जाण्याआधी भावाशी समेट करावा, ही तर ख्रिस्ताचीच शिकवण. ती घरी बसून एकट्याने कशी पाळणार?

आता थोडे कटू बोलतो; सणाच्या दिवशी वाचकांनी क्षमा करावी. सामवेदी, वाडवळ, कोळी आम्ही एका बाकावर बसतो. पण सोयरिकीची गोष्ट निघाली की तो बाक एकाएकी अपुरा पडतो. नव्या इमारतीत राहायला आलेले मंगळूरचे किंवा केरळचे कुटुंब वर्षभर मागच्या खांबाशी उभे राहते आणि त्याचे आडनाव कोणाला ठाऊक नसते. अशा धर्मग्रामाला मुले कंटाळली, तर ती अधार्मिक झाली असे मी म्हणणार नाही.

नाताळ आता जवळ आला आहे. गोठे सजतील, चांदण्या लागतील, वर्गणीची वहीही फिरेल. वही घेऊन जाणाऱ्यांनी यंदा त्या नव्या घरी थोडे बसावे, पाणी मागून प्यावे, मुलांची नावे विचारावीत. आणि जाताना आपल्या त्या झोपाळू मुलाला बरोबर न्यावे.