वारली म्हणजे वॉलपेपर नव्हे!

पुण्यात हल्ली मोकळी भिंत दिसली की काढ वारली. सोसायटीचं कंपाऊंड, कॅफे, शाळेचा जिना, कुर्ते, पणत्या... गेरूचा रंग, त्रिकोणी माणसं, मध्ये एक तारपावाला. झालं 'ट्रॅडिशनल'! काढलं कुणी, पैसे कुणाला गेले, हे विचारायचं नाही.

मंडळी, या चित्रांचं मूळ लग्नाच्या चौकात आहे. डहाणू-तलासरीकडे घरात लग्न निघालं की सवाष्णी गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक काढतात. त्यात पालघट देवी बसते, सुफलतेची देवी. धवलेरी गाणी म्हणत लग्नाचे विधी करते. म्हणजे तो चौक हा त्या घराचा देव्हारा. आपल्या देव्हाऱ्यातला टाक कुणी चहाच्या कपावर छापून विकला, तर आपण गप्प बसू?

लगेच कुणीतरी म्हणेल, "कला सगळ्यांची असते." असते ना! जिव्या सोमा म्हसे यांनीच ती कागदावर आणून जगभर नेली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. वारली चित्रं विकू नयेत असं कुणीच म्हणत नाही. पण २०१४ मध्ये या कलेला जीआय मानांकन मिळालंय. नाव त्यांचं आणि गल्ला दुसऱ्याचा, हे कसं चालेल?

अमेरिकेतल्या नावाहो लोकांचंही हेच दुखणं. त्यांचे वैदू आजाऱ्यासाठी रंगीत वाळूचं चित्र मांडतात आणि विधी संपला की मोडून टाकतात. आणि बाजाराने काय केलं? 'नावाहो' नाव लावून कपडे विकले. नावाहो नेशनने २०१२ मध्ये 'अर्बन आऊटफिटर्स'ला कोर्टात खेचलं. २०१६ मध्ये तडजोड झाली. ते गप्प बसले नाहीत, हे महत्त्वाचं.

आपण काय करायचं? भिंत रंगवायचीय तर वारली कलाकाराला बोलवा. पूर्ण मोबदला द्या, भिंतीवर त्याचं किंवा तिचं नाव लिहा. चौक काढायचा की नाही, हे त्यांना ठरवू द्या. आणि क्वीन्स गार्डनमधलं आदिवासी संग्रहालय एकदा तरी बघा. पुण्यातच आहे, लांब नाही.

चित्र आवडतं आणि माणूस नको, याला कलाप्रेम म्हणत नाहीत. पटलं तर आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर टाका. नाही पटलं तर कमेंटमध्ये या, बोलू.